पैलवानाचा चट्टा आणि माझी स्किनची पोस्टिंग

मेडिकलला शिकताना स्किनची पोस्टिंग, म्हणजे त्वचारोग विभागात काम करत शिकायची पाळी, लागली तेव्हा मला सगळे चट्टे सारखेच दिसायचे. रंगीत फोटो पाठ होते, पण त्यातली कातडी बहुतेक गोरी. तिथला लालबुंद चट्टा कागल-करवीरहून उन्हात राबून आलेल्या माणसाच्या अंगावर जांभळट, तपकिरी, कधी नुसताच काळसर दिसतो. लाली शोधत बसलो की मी हमखास चुकायचो.

विभागात शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, रोगाचं नाव घ्यायचं नाही. जे दिसतंय ते आधी सांगायचं. सपाट की उंच? कोंडा, पाणी, पू? कडा ठसठशीत की पुसट? मग ग्लोव्हज घालून बोट फिरवायचं.

पहिल्या वर्षी घोकलेली त्वचेची रचना इथं कामाला आली. तळच्या थरात जन्मलेली पेशी वर सरकत, केराटिन या टणक प्रथिनानं भरत, शेवटी कोंडा होऊन गळायला साधारण ४ आठवडे घेते. सोरायसिस या त्वचारोगात हाच प्रवास ३ ते ५ दिवसांत उरकतो, पेशी कच्च्याच वर येतात, म्हणून ते चंदेरी पापुद्रे. एवढं समजल्यावर सोरायसिस वेगळा पाठ करावा लागला नाही. आणखी एका गोष्टीनं मला फार धीर दिला. पॉल लँगरहान्सला त्वचेतल्या, आज त्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशी १८६८ मध्ये दिसल्या, तेव्हा तोही विद्यार्थीच होता. त्यानं त्या चेतापेशी समजल्या. नाव चुकलं, पण बघितलं नीट.

तिसऱ्या आठवड्यात एक तरुण पैलवान आला. जांघेपासून मांडीपर्यंत काळपट चट्टा. गजकर्ण, म्हणजे त्वचेवरची बुरशी, म्हटलं की गोल चकती, उठावदार कडा, मध्ये साफ, असं माझ्या डोक्यात पक्कं. इथं कडाही नाही, कोंडाही नाही. मी इसब लिहून मोकळा झालो.

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "पैलवान, काय लावत होता?"

"ट्यूब हाय मॅडम, मेडिकलमधनं आणलेली. लावली की दोन दिसांत खाज ऱ्हाती, सोडली की डबल उठतंय."

खिशातून चेपलेली ट्यूब निघाली. क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकत्र. स्टेरॉइडनं लाली आणि सूज दबते, माणसाला बरं वाटतं, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कडा पुसली जाते ती अशी. हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

तपासणीसाठी कोंडा खरवडून घ्यायचं काम, म्हणजे स्क्रेपिंग, मॅडमनी मलाच करायला लावलं. बुरशी जोमात असते ती कडेला, म्हणून तिथूनच खरवडायचं. डोळ्यांना कडा दिसेना, मग बोटानं शोधली. मांडीच्या मागं एका जागी किंचित खरखरीत लागलं. ब्लेडच्या बोथट बाजूनं चिमूटभर कोंडा स्लाइडवर घेतला, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, वर कव्हरस्लिप. केराटिन विरघळेपर्यंत वीसेक मिनिटं थांबलो. मग स्लाइड मायक्रोस्कोपखाली, त्याचा कंडेन्सर (उजेड एकवटणारं भिंग) खाली, उजेड कमी. आधी नुसतं पेशींच्या भिंतींचं जाळं. फोकस जरा हलवला, आणि त्या भिंती ओलांडत जाणारा बुरशीचा चमकदार धागा दिसला. फांद्या फुटलेला, मध्ये मध्ये पडदे असलेला. मग दुसरा, तिसरा. अख्खं फील्ड भरलेलं होतं.

मी लगेच तालमीतल्या लाल मातीवर घसरलो. मॅडम म्हणाल्या, "अरे, माती सोड. अंगाला अंग घासतं ते बघ, घामानं भिजलेला लंगोट बघ." ट्यूब बंद, बुरशीवरच्या गोळ्या आणि मलम सुरू. लंगोट, टॉवेल वेगळे धुऊन कडक उन्हात वाळवायचे आणि पूर्ण बरं होईपर्यंत कुस्ती बंद. शेवटचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. मैदान तोंडावर आलं होतं.

पोस्टिंगच्या शेवटी तो पुन्हा आला. काळा डाग तसाच, म्हणून काळजीत. मी आधी मांडीच्या मागं बोट फिरवलं. गुळगुळीत लागलं. डाग हळूहळू फिका होईल, पण गोळ्या मधेच सोडू नका, असं सांगितलं आणि विचारलं, घरात अजून कुणाला खाजतंय का?

"धाकट्या भावाला," तो म्हणाला. "त्यो बी तीच ट्यूब लावतोय."