आमदारांची सीट

नागरिकशास्त्रात ‘राज्य विधिमंडळ’ हा धडा आला की आमच्या सरांना उदाहरणासाठी लांब जावं लागायचं नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात आमदार म्हणजे आबासाहेब, गणपतराव देशमुख, हे आम्हाला पुस्तक उघडण्याआधीच पाठ होतं. एसटीतल्या आमदारांसाठी राखीव सीटवर खरोखर आमदार बसतो, असं बाहेरच्या तालुक्यातल्या पोरांना सांगितलं की ती हसायची.

आबासाहेबही वकिलीच शिकलेले, म्हणून मी लॉला गेल्यावर गावाला त्यात नवल वाटलं नाही. १९६२ ते २०१४ या काळात ते अकरा वेळा निवडून आले. मतदारसंघ एक, पक्ष एक, शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. १९७८ आणि १९९९ साली मंत्रीही झाले. पराभव दोनच, १९७२ आणि १९९५ साली. दुसरा १९२ मतांनी. मी तेव्हा शाळेत होतो, आणि एकेका मताचा हिशेब चावडीपासून मधल्या सुट्टीपर्यंत चालला होता.

विक्रमाचं कौतुक सगळेच करतात. वकील म्हणून मला मात्र रोजगार हमीचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरच्यांनी खडी फोडली. तेव्हा काम निघणं ही सरकारची मर्जी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना १९७७ च्या कायद्यात उतरली आणि काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता, असं बंधन सरकारवर आलं. १९७४ ची पोटनिवडणूक जिंकून आबासाहेब तेव्हा सभागृहात होते. श्रेय एकट्याचं नाही, पण दुष्काळी तालुक्याच्या वकील-आमदाराला अशा कलमाची किंमत वेगळी सांगावी लागत नसणार.

नंतरची लढाई पाण्याची. नागनाथअण्णा नायकवडींच्या आटपाडीतल्या पाणी परिषदांमध्ये आबासाहेब पुढे असायचे आणि आमचे गणिताचे सर श्रोत्यांमध्ये. परिषद झाली की दुसऱ्या दिवशी फळ्यावर भूमितीऐवजी कृष्णा खोरं यायचं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बचावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी, म्हणजे ५६० अब्ज घनफूट पाणी दिलं. त्यातलं आपल्या शिवारात किती आलं ते वडिलांना विचारून या, हा गृहपाठ. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाच्या वह्या कोऱ्या असायच्या, आणि सर त्यांनाच पूर्ण मार्क द्यायचे.