ताप चार दिवसांचा, रजा पंधराची

फौजेत गरोदरपण जड जातं का, असं एसएसबीची, म्हणजे फौजेतल्या अधिकारी-निवडीच्या मुलाखतीची, तयारी करणाऱ्या मुली मला अधूनमधून विचारतात. माझं उत्तर ऐकून त्यांचा विश्वास बसत नाही. ते महिने तसे निभावले, कारण त्यांच्यासाठी नियम होते. कस लागला तो मूल पाळण्यातून बाहेर पडल्यावर.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेला रेशन-पुरवठा करणाऱ्या दलात, शॉर्ट सर्व्हिसवर, ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, होते. २०१७ साली मुलगी झाली तेव्हा मेजर होते आणि पोस्टिंग देवळालीला, म्हणजे माहेरच्या दारात. नवरा पुण्यात. सहाव्या महिन्यापर्यंत आमचं बोलणं फोनवर व्हायचं, नंतर वकिलांमार्फत. त्याच्याबद्दल एवढं पुरे.

गरोदर असल्याचं कळवलं की मेडिकल कॅटेगरी तात्पुरती खाली येते. पीटी, बीपीईटी ही शारीरिक क्षमतेची चाचणी, सगळं बंद. मला मात्र गोदामात फिरायची खोड. तूरडाळीच्या पोत्यांची थप्पी मोजायला मी शिडीवर पाय ठेवला, तर आमचे सुभेदार साहेब, साताऱ्याकडचे, आडवे आले.

"मॅडम, शिडीवर मी चढतो. तुम्ही खालून लिहून घ्या. घरात तीन बाळंतपणं झालीत, मला कळतं त्यातलं."

"साहेब, तिन्ही वेळा घरी होतात?"

"एकदा होतो. बाकीच्या दोन वेळा पार्ट टू ऑर्डर बघितली."

पार्ट टू ऑर्डर म्हणजे लग्न, मूल वगैरे नोंदी ज्यात छापून येतात तो कागद. सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. साहेबांची अठ्ठावीस वर्षांची नोकरी गावाकडे बाईसाहेबांनी घर धरून ठेवलं म्हणून झाली. युनिटमधल्या जवळजवळ प्रत्येकाचं तेच. कुटुंब सोबत नेता येत नाही असं फील्ड पोस्टिंग, महिनाभराचा एक्सरसाइज, मध्यरात्रीचं बोलावणं, हे सगळं घरी कुणीतरी आहेच असं धरून आखलेलं असतं. माझ्या घरी कोण होतं?

आई होती. नाशिकच्या जेल रोडच्या घराला कुलूप लावून ती कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये आली, सोबत डिंक, अळीव आणि धुरीसाठी शेगडी घेऊन. डोहाळजेवण करायचं की नाही यावर मावशीने नाक मुरडलं: नवरा नाही तर कसलं डोहाळजेवण? आईने केलं. जवानांच्या बायका आल्या, त्यात एक बिहारची आणि एक मणिपूरची. वाटीखालचं ओळखायचा खेळ त्यांना समजावून सांगताना आईचं हिंदी ऐकण्यासारखं होतं.

१८० दिवसांची पगारी बाळंतपणाची रजा मिळाली, त्यात कुणी खळखळ केली नाही. जानेवारीत तोपची सरावाच्या वेळी रेंजवर तोफा सुरू झाल्या की तावदानं थरथरायची. मुलगी गाढ झोपलेली असायची. कुकरच्या शिट्टीला मात्र किंचाळून उठायची.

मग रजा संपली आणि ताप सुरू झाले. लहान मुलाचा ताप तीन-चार दिवसांचा. बालसंगोपन रजा हातात होती, पण ती तेव्हा एका वेळी कमीत कमी पंधरा दिवसांची घ्यावी लागे. चार दिवसांच्या तापासाठी पंधरा दिवस कोण मागणार आणि कोण देणार? मग वर्षाला वीस दिवसांच्या कॅज्युअलमधून कातरत राहायचं. २०१९ मध्ये ही अट पाच दिवसांवर आली आणि त्याच आदेशात एकट्या बापांनाही ती रजा मिळाली. ज्याने कुणी ती फाईल पुढे सरकवली, त्याचं भलं होवो.

तरीही सबंध नोकरीत मिळून ३६० दिवसच. केंद्राच्या नागरी सेवेतल्या बाईला ७३०. एकटीने मूल वाढवते म्हणून मला एक दिवस जास्त नव्हता, आणि रजा द्यायची की नाही हे शेवटी सेवेची निकड बघूनच ठरतं. शिपाई, नौसैनिक, हवाई योद्धा म्हणून भरती झालेल्या मुलींना तर अधिकाऱ्यांच्या बरोबरीने या रजा द्यायचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला.

मधल्या काळात मी फील्डला गेले. लेक आणि आई जेल रोडला. रेंज मिळाली की व्हिडिओ कॉल. लेक फोन उताणा ठेवून खेळायला पळायची आणि मी वरून आमच्या हॉलचा पंखा बघत बसायची. शाळेच्या फॉर्मवर वडिलांची सही हवी म्हणून आईला परत पाठवलं, तेही तिने एकटीनेच निस्तरलं. मला फक्त "झालं" एवढाच मेसेज.

फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आम्हाला परमनंट कमिशनची, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीची, दारं उघडली. बॅचमेट नाचल्या. मीही आनंदले, पण मी ते घेतलं नाही. पुढचं फील्ड दिसत होतं आणि आईचे गुडघेही. एका मैत्रिणीने सुनावलं, "लढून मिळालेलं सोडतेस?" हो, सोडते. माझ्या वाटणीची लढाई आई लढत होती आणि तिला रिलीव्हर मिळत नव्हता.

मी बाहेर पडले त्याच वर्षी, २०२४ मध्ये, लष्करी परिचर्या सेवेतल्या एका अधिकारी बाईंचा निकाल आला. १९८८ साली लग्न केलं म्हणून त्यांना काढलं होतं, तसा नियमच होता आणि तो १९९५ मध्ये रद्द झाला. न्यायालयाने साठ लाख द्यायला सांगितले. आईने बातमी दोनदा वाचली आणि म्हणाली, "आणि मावशी तुझ्या डोहाळजेवणावर बोलत होती."

निघताना साठलेल्या वार्षिक रजेचे पैसे मिळाले. बालसंगोपन रजा बरीच उरली होती, तिचे काही मिळत नाहीत. आलेल्या पैशांतून जेल रोडच्या घराच्या गळक्या गच्चीचं काम काढलं. चौदा वर्षं मी रेशनच्या ठेकेदारांशी बोलणी केली, पण वॉटरप्रूफिंगवाल्याशी भाव ठरवताना आईने मला तोंड उघडू दिलं नाही.