न रडणारं पोर

रात्री साडेनऊच्या सुमारास एकाच गाडीतून दोन रुग्ण आले. तिशीतला काका आणि त्याचा सहा वर्षांचा पुतण्या. लाकडाच्या ढिगाजवळ पोराच्या पायाला विंचू डसला आणि त्याला झटकायला गेलेल्या काकाच्या बोटालाही. मारलेला विंचू त्यांनी बाटलीत घालून आणला होता. लहानसा, तांबूस. लोक दचकतात ते मोठ्या काळ्या विंचवाला. माझ्या पोटात गोळा येतो तो हा तांबडा बघून.

काका नुसता बोंबलत होता. ‘मेलो, मॅडम, मेलो!’ मी आधी त्याच्याकडे वळले, ही माझी चूक. बोट बधिर करायला मुळाशी लिग्नोकेन भरतच होते, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, ‘मॅडम, ह्याचा शर्ट बघा.’

पोर आईच्या खांद्यावर गप्प पडलं होतं. शर्ट पिळून काढावा इतका ओला. वाटेत दोनदा उलटी झालेली. पायाला हात लावला तर घोट्यापासून खाली बर्फ. ‘दुखतंय का रे?’ त्याने मानेनेच नाही म्हटलं. आईला तेवढाच धीर आला, मला मात्र घाम फुटला. डंखाच्या जागी प्रचंड आग आणि बाकी काही नाही, असा रुग्ण बहुतेक वेळा तरतो. दुखत नाही, पण घाम सुटलाय, हातपाय गार पडलेत, त्याच्यापासून हलायचं नाही.

नाडी 150, रक्तदाब 140/100. सहा वर्षांच्या पोराचा! हे विष नसांमधले सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवतं, शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या दाबाविरुद्ध झगडत थकतं. मग फुप्फुसात पाणी, तोंडाला गुलाबी फेस. अजून छाती साफ होती, म्हणजे वेळ हातात होता.

विंचवावरचं प्रतिविष त्या रात्री शिल्लक नव्हतं. प्राझोसिन होतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं हे साधं, स्वस्त औषध विंचूदंशात वापरायला शिकवलं ते महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. त्याआधी गंभीर रुग्णांतले शेकडा 25-30 जण दगावत. किलोला 30 मायक्रोग्रॅम. पोराचं वजन 17 किलो, म्हणजे 1 मिलिग्रॅमची साधी गोळी अर्धी. (हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी इथे चालत नाही, हे मी रात्रपाळीच्या प्रत्येक नव्या माणसाला बजावते.) पहिली मात्रा उलटीत गेली. तीच पुन्हा कुटून, पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून दिली.

मग आईशी भांडण. तिला पोर मांडीवर घ्यायचं होतं. ‘ताई, उचलू नका. ह्या औषधावर उठवून बसवलं तर रक्तदाब एकदम खाली येतो.’ ती रडली, पण ऐकलं. घामावाटे गेलेलं पाणी भरून काढायला चमच्याचमच्याने ओआरएस देण्याचं काम तिलाच दिलं. दर अर्ध्या तासाने मी रक्तदाब घ्यायचे, छाती ऐकायचे आणि हाताची पालथी बाजू पोराच्या पावलाला लावायचे. मॉनिटरपेक्षा माझा ह्या पावलावर जास्त विश्वास.

दर तीन तासांनी एक मात्रा. दुसरीनंतर घोटे कोमट झाले, बोटं गारच. काका एव्हाना बधिर बोट छातीवर ठेवून घोरत होता.

पहाटे, तिसऱ्या मात्रेनंतर, अंगठा गरम लागला. खात्री करायला दुसराही पाहिला. कपाळ कोरडं, रक्तदाब 100/64. मी केसपेपरवर लिहायला बसले, आणि मागून भोकाड ऐकू आलं.

‘आई, पाय दुखतोय!’

आई घाबरून उठली. ‘मॅडम, पुन्हा चढलं का हो?’

‘नाही, ताई, उतरलं,’ म्हटलं आणि पॅरासिटामॉलची बाटली शोधायला गेले.