परसातलं रिडेव्हलपमेंट

पुण्यात सध्या दर दुसऱ्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, मग आमच्या कोंबड्यांनीच कोणाचं काय घोडं मारलंय? धायरीच्या आमच्या घरामागे पाच गावरान कोंबड्या आहेत. त्यांचं खुराडं पॅकिंगच्या फळ्यांचं. पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात तडकायचं. मागच्या आषाढात मुंगसानं खालून उकरून एक तलंग, म्हणजे अंड्यावर यायची कोवळी कोंबडी, नेली, तेव्हा ठरलं, आता हे पाडायचंच. अंदाजपत्रक पाच हजार, बिल्डर मी, रहिवाशांची संमती गृहीत.

पैसे थोडे असले की ते कुठे घालायचे नाहीत, हे आधी ठरवावं लागतं. व्हिडिओत दिसणारी खुराडी, म्हणजे ती लालचुटूक कौलं आणि खिडकीतली कुंडी, सगळी माणसांच्या डोळ्यांसाठी असतात. कोंबडीला रात्री बसायला उंच दांडी हवी, अंडं घालायला अंधारा कोपरा हवा आणि मुंगूस बाहेर राहायला हवं. म्हणून निम्मे पैसे एकट्या जाळीवर गेले. बोहरी आळीत "कोंबड्यांसाठी जाळी" म्हटलं की दुकानदार षटकोनी भोकांची, पातळ तारेची जाळी पुढे करतो. ती कोंबड्यांना आत ठेवते, पण घुशी-मुंगसांना बाहेर ठेवत नाही. मी अर्धा इंची वेल्डमेश घेतली, म्हणजे तारा एकमेकींना जोडलेली, चौकोनी भोकांची जाळी. फूटभर पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरली आणि वर माती-दगड टाकले. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरायला लागतो आणि त्याची नखं जाळीवर अडतात. दोन पावलं मागे सरकून उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही. (माणसांतही असे बरेच दिसतात.)

बाकीचं सामान पुण्यानं पुरवलं. बंगले आणि जुन्या इमारती पडतात तशी त्यांची दारं-चौकटी बाजारात येतात, आणि बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात काय मिळेल याला धरबंध नाही. मला तिथे सरकत्या शटरचं टीव्हीचं कपाट मिळालं. परीक्षा जवळ आली की आईबाप ज्याला कुलूप घालायचे, तेच. मधे एक फळी ठोकली, फूट बाय फूटभराचे दोन कप्पे झाले, शटर अर्धं ओढलं, अंधार तयार. खरं तर चार-पाच कोंबड्यांना एक कप्पा पुरतो. मी दोन केले, तरी पाचही जणी डावीकडच्याच कप्प्यापुढे रांग लावतात.

सागवानी चौकटीचा एक तुकडा दांडीसाठी कापला. दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेल्या. ही दांडी कप्प्यांपेक्षा उंचावरच हवी, कारण कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा धरते. कप्पे वर गेले तर ती तिथेच झोपणार आणि सकाळची अंडी शिटेनं माखलेली मिळणार.

नवऱ्याचा आणि माझा खरा वाद झाला तो छपराखालच्या फटीवरून. "थंडीत गारठतील ना त्या," म्हणून त्याला ती बुजवायची होती. पण कोंबडीच्या अंगावर पिसांची दुलई असते, पुण्याच्या थंडीचं तिला फारसं काही नाही. तिला बाधतो तो कोंडलेला दमटपणा आणि शिटेतून उठणारा अमोनिया. फट राहिली, फक्त जाळी मारून. एप्रिलच्या उन्हासाठी पत्र्यावर चुना फासला. पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स आडवा बांधला. नेत्याचं तोंड आत की बाहेर, यावर मात्र एकमत झालं: आत. कोंबड्यांना मत नसतं.

सासूबाई मुळशीच्या. त्यांच्या लहानपणी संध्याकाळी डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, पालथं घातलं की कोंबड्यांचा प्रश्न मिटायचा. "अगं, डालग्यावर दगड ठेवला की झालं," हे त्यांनी जाळी ठोकताना सांगितलं, चुना लावताना सांगितलं आणि जमिनीवर भाताचं तूस पसरताना पुन्हा सांगितलं. शेवटी चुलीतली राख मात्र त्यांनीच कोपऱ्यात आणून ओतली. राखेत लोळून कोंबड्या पिसवा झटकतात, हे आमच्या व्हिडिओवाल्यांच्या आधी त्यांना ठाऊक होतं.

खर्च पाच हजारांच्या थोडा वर गेला. नवऱ्यानं तो अंड्यांवर वाटून पाहिला. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ पासून देशभर दर शंभर अंड्यांमागे भाव जाहीर करते, आणि तिचं मुख्यालय इथे पुण्यातच आहे. आमचा भाव जाहीर न केलेलाच बरा. त्यातून हिवाळ्यात दिवस अकरा तासांवर आला की अंडी रोडावतात. बल्ब लावून दिवस लांबवता येतो, पण आम्ही लावत नाही. त्यांनाही सुट्टी हवीच.

आता नवीन पेच. तांबडी खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी घालणं सोडून उबवायला बसू पाहतेय. सासूबाईंनी तिच्याखाली सात अंडी ठेवून तिला रवणीला बसवलंय, तेही डावीकडच्याच कप्प्यात. म्हणजे एकवीस दिवस ती जागा अडलेली. उजवा कप्पा रिकामा आहे, तरी उरलेल्या चौघी डावीकडे उभ्या राहून कचकच करतात. सासूबाईंचं म्हणणं, तिला वेगळी खोली द्या. येत्या रविवारी पुन्हा जुना बाजार; या वेळी एका जिवापुरतं कपाट बघायचं आहे.