रिंगस्टेड: भाऊबंदकीत घडलेलं राजघराणं

डेन्मार्कला येणारे बहुतेक जण कोपनहेगनचे राजवाडे पाहून परततात. मला मात्र रोस्किल्डच्या पुढचं रिंगस्टेड पाहायचं होतं. रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं. बाराव्या शतकातली डॅनिश गादीची भांडणं समजून घ्यायला इथल्या सेंट बेंट चर्चइतकी चांगली जागा नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

आधी चौकातले तीन मोठे दगड पाहिले. झीलंड बेटाची लोकसभा, म्हणजे 'थिंग', रिंगस्टेडला भरायची. यूटलंड या पश्चिमेकडच्या द्वीपकल्पाची विबोर्गला, तेव्हा डॅनिश आणि आता स्वीडनमध्ये असलेल्या स्कोनची लुंडला. राजा निवडायचा तो या सभांनी. थोरल्यालाच गादी असा नियम नव्हता, राजवंशातला कुणीही दावा सांगू शकायचा. त्यामुळे ११४६ साली तिसऱ्या एरिकने गादी सोडली तेव्हा झीलंडने स्वेनला राजा केलं आणि यूटलंडने क्नुडला!

पण वैर त्याही आधीचं. ७ जानेवारी ११३१ रोजी रिंगस्टेडजवळच्या हारालस्टेडच्या रानात राजपुत्र माग्नुसने आपला चुलतभाऊ क्नुड लावार्ड याला दगा देऊन मारलं. आठवड्याभरात क्नुड लावार्डला मुलगा झाला, तो वाल्डेमार. जन्मण्याआधीच बाप गेलेलं हे पोर पुढे गादीचा तिसरा दावेदार झालं. आणि यूटलंडचा राजा क्नुड कोण, तर त्याच खुनी माग्नुसचा मुलगा.

११५७ मध्ये तिघांनी राज्य वाटून घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये रोस्किल्डला तडजोडीची मेजवानी झाली आणि स्वेनच्या माणसांनी तलवारी उपसल्या. क्नुड जागीच ठार झाला. वाल्डेमार मांडीला जखम झालेली असतानाही अंधारात निसटला आणि यूटलंडला पोचला. २३ ऑक्टोबरला ग्राथेच्या माळावर लढाई झाली. हरलेला स्वेन पळताना मारला गेला, आणि तिघांतला एकटा वाल्डेमार उरला.

विटांच्या त्या चर्चमध्ये शिरल्यावर मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते २५ जून ११७० या दिवसाने. त्या एकाच दिवशी इथे क्नुड लावार्डला संत म्हणून वेदीवर स्थान मिळालं आणि वाल्डेमारच्या सात वर्षांच्या मुलाला, म्हणजे सहाव्या क्नुडला, राज्याभिषेक झाला. माझ्या मते ही वाल्डेमारची सर्वांत मोठी लढाई, रक्त न सांडता जिंकलेली. आजोबा संत, नातू अभिषिक्त राजा. मग दुसऱ्या शाखेतला कुणी थिंगपुढे उभा राहणार तरी कसा? स्वतः वाल्डेमार ११८२ मध्ये वारला. तो, राणी सोफिया, त्यांची मुलं सहावा क्नुड आणि दुसरा वाल्डेमार, सगळे इथेच फरशीखाली आहेत. त्या शिळांशी मी बराच वेळ रेंगाळलो.

इथे आलात तर छताखालची भित्तिचित्रंही नक्की पाहा. त्यांत दुसऱ्या वाल्डेमारचा मुलगा एरिक आहे. शेतकऱ्यांवर नांगरपट्टी बसवणारा म्हणून 'प्लोवपेनिंग' हे नाव त्याला चिकटलं. १२५० मध्ये श्लाई खाडीत त्याचा खून झाला, आणि तो सख्खा भाऊ आबेलने करवला असं मानतात. आबेल राजा झाला, पण १२५२ मध्ये उत्तर समुद्राकाठच्या फ्रिशियन लोकांवरच्या स्वारीत पडला. मग त्याच्या मुलांना डावलून धाकटा भाऊ क्रिस्तोफर गादीवर बसला, आणि यूटलंडच्या दक्षिण भागातल्या श्लेसविगमधल्या आबेलच्या वंशजांशी नवं भांडण सुरू झालं.