साहेब कधी येणार?

आज रत्नागिरीत भावाच्या घराच्या साइटवर गेलेले. आर्किटेक्ट मुलगी आहे, इथलीच, आणि दिवसभर जो येईल तो तिलाच विचारतोय, "मॅडम, साहेब कधी येणार?" अहो साहेब वगैरे कोणी नाहीच, तीच ती! चिऱ्याच्या भिंती, पावसाचा तिरका मारा अडवायला पडवीचं छप्पर पुढे काढून खाली उतरवलेलं, सगळं तिच्याच डोक्यातनं. ती शांतपणे गवंड्याला लेव्हल दाखवत होती, वैताग मलाच जास्त आला.

घरी येऊन मुंबईतल्या आर्किटेक्ट बाया शोधत बसले. पेरीन मिस्त्री, १९३६ ला जे. जे. मधून डिप्लोमा घेतलेली देशातली पहिली बाई आर्किटेक्ट. बोरिवलीची खटाव मिल आणि कंबाला हिलचं सेंट स्टीफन्स चर्च तिचं. रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ ला परत उघडलं तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले, पण ते काम आभा नारायण लांबा यांचं हे किती जणांना माहीत होतं? राजाबाई टॉवरच्या डागडुजीमागे ब्रिंदा सोमाया.

आणि नवी मुंबई! खाडीपलीकडे नवं शहर वसवा ही कल्पना १९६० च्या दशकात मांडणारे तिघे, चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. वाशीत राहणाऱ्या मावसभावाला लगेच फोन लावला, सांग रे तुझं शहर कोणाच्या डोक्यातनं आलं. "कोरिया ना?" म्हटलं अजून दोघं आहेत. पटेलांचं नाव आठवलं त्याला. तिसरं काही येईना, मग म्हणे सिडको.