तारीख आधी, किनारा नंतर : आमची वाटचाल

मुंबईच्या माणसांना सर्फिंग, म्हणजे बोर्डावर उभं राहून लाटेवरून घसरत येणं, शिकायला नेणाऱ्या सहली आम्ही लावतो. दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. तीन टेबलं, एक कपाट, भिंतीवर कालनिर्णय आणि त्याच्या शेजारी हिंदी महासागराचा मोठा नकाशा. २०११ साली सुरुवात केली तेव्हा हा नकाशा नव्हता. विमानाची-रेल्वेची तिकिटं काढून देणं, अष्टविनायक, केरळ, कन्याकुमारी अशा सहली लावणं, एवढंच काम. घर चालत होतं. त्या दोन वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

२०१३ च्या डिसेंबरात मत्स्यगंधा एक्सप्रेसने उडुपीला उतरले आणि तिथून मुळकीला गेले. भारतात सर्फिंग शिकवायला ज्या मोजक्या गावांतून सुरुवात झाली त्यांतलं हे एक. माझं पोहणं शिवाजी पार्कच्या तलावातलं, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. पण समुद्रात आपण पाण्याला ढकलत नाही, पाणी आपल्याला ढकलतं, हे तिथे कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फुटलेल्या लाटेच्या फेसावर मी जेमतेम चार सेकंद उभी राहिले. परतीच्या गाडीत रत्नागिरी येईपर्यंत ठरलं होतं की मुंबईच्या माणसांना हे दाखवायचं.

मुंबईतच का नाही, असं लोक आजही विचारतात. जुहू-वर्सोव्याला लाटा दिसतात, पण आपल्यासमोरचा सागरतळ शेकडो किलोमीटर उथळ आहे. लांबून येणाऱ्या लाटेची ताकद त्या उथळ तळावर घासून संपते. उरतात त्या जवळच्या वाऱ्याने उठलेल्या आखूड, विस्कळीत लाटा. पावसाळ्यात त्या मोठ्या होतात, पण तेव्हाचा समुद्र शिकण्याचा नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात मुंबईच्या किनाऱ्यावरून कोणालाही पाण्यात उतरवायला मी तयार नाही.

पहिले दोन गट मुळकीला नेले, छान झाले. मग श्रीलंका ठरवली. वेलिगमा हा दक्षिण किनाऱ्यावरचा अर्धगोल, वाळूच्या तळाचा उपसागर. शिकणाऱ्यासाठी त्याच्याइतका सोपा किनारा मी अजून पाहिलेला नाही. मुंबईहून कोलंबो अडीच तास, पुढे एक्सप्रेसवेने आणखी अडीच. सगळं जुळत होतं. तारीख मात्र आम्ही शाळांच्या सुट्टीवरून काढली : मे २०१५ चा तिसरा आठवडा.

चार कुटुंबं, अकरा माणसं. ठाण्याचं एक जोडपं आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी होती. तिने नवा पिवळा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट शर्ट, घेतला होता आणि तो घालूनच ती विमानात बसली. वेलिगमाला पोचलो तर पाणी गढूळ, वारा सरळ समुद्राकडून तोंडावर आणि लाटा चारही दिशांनी आल्यासारख्या. प्रशिक्षकांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मोठ्यांना कंबरभर पाण्यात अर्धा तास नेलं. मुलांना नेताच आलं नाही. ती मुलगी सहा दिवस पिवळा रॅशगार्ड घालून हॉटेलच्या पडवीत बसून होती. तिचे वडील मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं ना?"

हवंच होतं. मुंबईत आल्यावर सगळ्यांना निम्मे पैसे परत केले. त्यासाठी भावाने त्याची मुदत ठेव मोडली.

माझं आजोळ वेसाव्याचं, म्हणजे वर्सोव्याचं. धाकट्या मामाने आयुष्यभर होडी चालवली. त्याच्याकडे गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. तो जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला, "पोरी, किनारा काय बघतेस? वारा कुठून आहे ते बघ आधी." मग त्याने जे सांगितलं त्यावर आमचा धंदा आजवर उभा आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. शिडाच्या होड्या त्याच्यावर बाहेर पडायच्या. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येतो तो खारा वारा. त्याच्यावर परत यायच्या. मतलई असला की लाट ताठ उभी राहते, तिचं अंग गुळगुळीत होतं. खारा सुटला की ती वेळेआधीच मोडते. सर्फिंग करणारे पहाटे साडेसहाला पाण्यात का उतरतात, हे मला मुळकीत कोणी नीट सांगितलं नव्हतं. मामाने बोर्ड कधी पाहिलाही नव्हता.

जे एका दिवसात घडतं तेच मोठ्या प्रमाणावर वर्षात घडतं. नैऋत्य मोसमी वारे श्रीलंकेच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडून येऊन आदळतात, म्हणून मे ते सप्टेंबर वेलिगमा, मिरिस्सा, हिक्कडुवा बिघडलेले असतात. तेच वारे बेट ओलांडून पूर्वेला पोचतात तेव्हा जमिनीवरून येतात. म्हणून त्याच महिन्यांत पूर्वेचा अरुगम बे ऐन भरात असतो. नोव्हेंबर ते एप्रिल उलटं : ईशान्येचे वारे, पूर्वेला पाऊस आणि दक्षिण किनाऱ्यावर शांत, निळं पाणी. एकाच बेटाचे दोन हंगाम, आणि ते एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. मे २०१५ मध्ये आम्ही बरोबर देशात आणि चुकीच्या किनाऱ्यावर होतो.

वाऱ्यानंतर लाट. हिंदी महासागरात सर्फिंगची चांगली लाट येते ती फार दक्षिणेहून, चाळीस-पन्नास अक्षांशांवरच्या वादळांतून. तिथला हिवाळा म्हणजे आपला मे ते सप्टेंबर. तेव्हा वादळं जास्त आणि लाटा मोठ्या. दोन लाटांमध्ये पंधरा-सोळा सेकंदांचं अंतर असेल तर तो स्वेल, म्हणजे लांबच्या वादळातून निघालेला लाटांचा ताफा, दिवसाला साधारण हजार किलोमीटर चालतो, म्हणजे श्रीलंकेला पोचायला पाच-सहा दिवस. केरळात याच लाटांनी अचानक येणाऱ्या उधाणाला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरपावलांनी येणारा समुद्र. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेकडून त्याचे इशारे येतात; ते आम्ही रोज सकाळी वाचतो.

यातून एक गोष्ट कळायला मला आणखी दोन वर्षं लागली. माहितीपत्रकात 'बेस्ट सीझन' म्हणून छापलेलं असतं ते बहुतेक वेळा मुरलेल्या सर्फरसाठी. बालीचं उदाहरण घ्या. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, आग्नेयेचे वारे, पश्चिमेकडचे कुटा, चांगू, उलुवाटू सगळे झकास. त्यातही जुलै-ऑगस्ट सर्वांत जोरदार. पण पहिल्यांदा बोर्डावर पोट टेकवणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला जुलैची लाट मोठी पडते, गर्दीत त्याला कोणी वाट देत नाही आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. त्याला मी एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर सांगते. डिसेंबर-जानेवारीत वारा वायव्येचा होतो, तेव्हा बालीची पूर्व बाजू, केरामास आणि नुसा दुआ, चांगली होते; पण तिथे खडक आहेत, नवशिक्याचं काम नाही. आणि त्याच महिन्यांत पावसाच्या पाण्याबरोबर वाहून आलेला प्लास्टिकचा कचरा कुटाच्या वाळूवर साचतो. नाताळच्या सुट्टीसाठी बाली मागणाऱ्याला हे मी फोनवरच सांगते. काही जण दुसरीकडून जातात. जाऊ देत.

बालीची आणखी एक तारीख आपल्या लोकांना आवडते. तिथलं नववर्ष न्येपी आपल्या शालिवाहन शकानेच मोजतात. २०२३ मध्ये गुढीपाडवा आणि न्येपी एकाच दिवशी, २२ मार्चला आले. इकडे शके १९४५ आणि तिकडेही १९४५. फक्त तिथे त्या दिवशी चोवीस तास सगळं बंद असतं, विमानतळसुद्धा. रस्त्यावर कोणी नाही, समुद्रावर कोणी नाही. मार्चचं तिकीट काढण्याआधी हे बघावंच लागतं. तसंच श्रीलंकेत दर पौर्णिमेला 'पोया'ची सुट्टी असते आणि दारूविक्री बंद असते. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष, तेव्हा अर्धी दुकानं उघडत नाहीत. आमच्या कालनिर्णयावर पौर्णिमांभोवती पेन्सिलीने गोल केलेले दिसतील ते यासाठी.

मालदीवबद्दल थोडक्यात. एप्रिल ते ऑक्टोबर हंगाम, लाटा देखण्या, पण प्रवाळाच्या खडकावर फुटणाऱ्या. हिरव्या, म्हणजे अजून न फुटलेल्या लाटेवर वळता येत असेल तरच या, असं आम्ही लिहूनच देतो.

मुंबईच्या माणसाची अडचण मला कळते, कारण ती माझीही आहे. सुट्टी मिळते ती मेमध्ये, दिवाळीत, नाताळात, नाहीतर २६ जानेवारीला जोडून. समुद्र ते बघत नाही. मग आम्ही जोड्या लावत गेलो. मेमध्ये मुलांसह : बाली, दुसऱ्या आठवड्याच्या आत. दिवाळी : वेलिगमा उघडत असतो, पण दुपारी पाऊस येतो, हे आधी मान्य करून. नाताळ : वेलिगमा उत्तम, मात्र दर दीडपट-दुपटीने चढतात आणि पाण्यात बोर्डाला बोर्ड लागतो, तीच लाट, तेच पाणी १० जानेवारीनंतर निवांत मिळतं. १५ ऑगस्टला तीनच दिवस असतील तर महाबलीपुरम किंवा चेन्नईजवळचं कोवलम, कारण तेव्हा पूर्व किनाऱ्यावर सकाळचा वारा जमिनीवरून असतो. याच महाबलीपुरमला ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली आणि रमेश बुदिहाळ याने भारतासाठी कांस्यपदक जिंकलं. त्या दिवशी आम्ही ऑफिसात पेढे वाटले. पूर्ण मोकळीक असलेल्याला मात्र मी डोळे झाकून फेब्रुवारीतला वेलिगमा सांगते : पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास, गार पाण्यात घालायच्या वेटसूटची गरज नाही, लाट कंबरेएवढी, पहाटे वारा पडलेला, आणि नाश्त्याला नारळाचं 'पोल सांबोल', जे खाऊन आपली माणसं घरच्यासारखी खूश होतात.

आणखी एक नियम आम्ही मोडत नाही : सात रात्रींपेक्षा कमी नाही. स्वेल टप्प्याटप्प्याने येतो. मध्ये दोन-तीन दिवस समुद्र तळ्यासारखा सपाट पडतो. चार दिवसांची सहल त्या खड्ड्यात पडली तर माणूस बोर्डाला हात न लावता परत येतो.

धंद्याची वाट मात्र सपाट कधीच नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी श्रीलंकेत बॉम्बस्फोट झाले. आमचा एक गट आदल्या आठवड्यात परतला होता. त्या रविवारी मी दिवसभर वेलिगमाच्या प्रशिक्षकांना फोन लावत होते. मग २०२०. सतरा महिने एक रुपयाची विक्री नाही. भावाने डबे पोचवले, मी ऑनलाइन शिकवण्या घेतल्या आणि दोघांनी ऑफिसचं भाडं भरत ठेवलं. २०२२ मध्ये पुन्हा उभे राहतो तोच श्रीलंकेत पेट्रोल मिळेना, लोक दिवसदिवस रांगेत. त्या उन्हाळ्यातले अरुगम बेचे तिन्ही गट रद्द केले. कोलंबोहून तिथवर सात-आठ तासांचा रस्ता, गाडीत इंधनच नसेल तर माणसं न्यायची कशी? आगाऊ रक्कम पूर्ण परत केली आणि तिथल्या प्रशिक्षकांना आमच्याकडून जमेल तेवढं पाठवलं. त्यांच्यापैकी एकाने पुढच्या हंगामात आमच्या सगळ्या माणसांना पहिला धडा फुकट दिला. मी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही.

आज आम्ही चौघं आहोत. वर्षाला चौदा-पंधरा गट, एका गटात आठच माणसं. वाढवा, असं बरेच सांगतात. पण पाण्यात प्रत्येकाच्या बोर्डाला मागून हात लावायला माणूस लागतो, आणि फोनवर प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलावं लागतं. आमचा पहिला प्रश्न तोच असतो : सुट्टी कधी आहे? दुसरा : पोहता किती येतं? कुठे जायचं, हे त्यानंतर.

२०२४ च्या ऑक्टोबरात ठाण्याहून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. "ताई, मुलगी बारावीला आहे. कॉमर्स. परीक्षा झाली की तिला एकदा नेऊ म्हणतोय." बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे माझा लाडका फेब्रुवारी गेला. मी कालनिर्णय काढलं, दहा वर्षांच्या नोंदींची वही काढली. मार्चचा शेवटचा आठवडा : दक्षिण किनाऱ्यावर ईशान्येचा वारा ओसरलेला, नैऋत्येचा अजून लांब, गर्दी उतरलेली, सिंहली नववर्षाच्या आधी दोन आठवडे. त्यांना तारीख सांगितली आणि त्या गटाबरोबर मी स्वतः गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वारा अजिबात नव्हता. तिने आठ फुटी फोमचा बोर्ड घेतला, प्रशिक्षकाने मागून ढकललं, आणि ती किनाऱ्यापर्यंत उभी आली. वडील गुडघाभर पाण्यात मोबाइल धरून उभे होते. ती वळली आणि पुन्हा आत गेली.